वजिरांची शाल

आमच्या घरमालकांकडे गेलं की दारातच लाल मोजे मिळत. घरात बूट काढायचे हे आपल्यालाही ठाऊक आणि जर्मनांनाही. पण बूट काढल्यावर घरमालक काका शू-रॅकच्या खालच्या कप्प्यातून लोकरीचे लाल मोजे काढून पुढे करत, आणि ते चढवल्याशिवाय कोणी बैठकीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा त्या घरचा कायदा होता. इराणच्या काजार बादशहांपुढे म्हणे लाल मोजे घातल्याशिवाय जाता येत नसे. भल्याभल्या देशांचे वकील आधी कुरकुरले आणि मग मुकाट्याने मोजे घालून आत गेले. हीटिंगचं मीटर वाचायला येणारा माणूसही तसाच आत गेलेला मी पाहिला आहे. बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्यात, असं तो म्हणून बघत होता. काका जर्मनमध्ये एवढंच म्हणाले, "नाइन." म्हणजे नाही. पुढे चर्चा झाली नाही.

मी त्या घराच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. पुण्याहून एर्लांगेनला आले होते ती स्कॅनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. परक्या गावात मुलीला मराठी घरमालक मिळाला म्हणून आईबाबा तिकडे निर्धास्त होते. लाल मोज्यांचं मी त्यांना कळवलं नाही.

काका मूळचे सांगलीचे. इलेक्ट्रिकल इंजिनिअर. लग्न झालं आणि लगेच कंपनीने त्यांना तेहरानला धाडलं, सबस्टेशनं उभारायला. तिथे क्रांती होईपर्यंत ते दोघं राहिले, मग जर्मनीत आले आणि इथल्याच एका मोठ्या फर्ममधून निवृत्त झाले. इराणने त्यांना दोन गोष्टींची चटक लावली होती, काळा चहा आणि दरबारी चित्रं. चहा पुढे डॉक्टरांनी कमी करायला लावला. चित्रांना औषध नव्हतं. सकाळी ब्रेड आणायला निघाले तरी तीन बटणांचं जाकीट, टाय, डोक्यावर काळी केसाळ टोपी आणि पँटला सायकलची क्लिप. बेकरीतल्या मुली त्यांना 'हेर डोक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. काका डॉक्टर नव्हते. त्यांनी कधी ती चूक दुरुस्तही केली नाही. "एक नूर आदमी, दस नूर कपडा," ते मला म्हणाले. "त्यांनी कपडा वाचला. बरोबर वाचला. मी कशाला अडवू?"

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिन्यात, संडासाच्या दाराशेजारीसुद्धा चित्रं होती. सगळी त्यांनीच काढलेली आणि सगळी दरबारी थाटाची. पण खाली नावं आपल्या माणसांची. कोणी पिंपरीहून आलेला गाड्यांचा इंजिनिअर, कोणी सॉफ्टवेअरवाला, शेजारच्या बागेच्या संघटनेचा अध्यक्ष असलेला एक जर्मन आजोबा. उंटरश्लाइसहाइमला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाची तर तीन चित्रं होती. बढती झाली की नवीन, कारण जुना पोशाख आता लागू पडत नाही. मुलगा फोनवर आईशी जर्मनमध्ये बोलायचा, काकू मराठीत उत्तर द्यायच्या आणि दोघांचं छान चालायचं. चित्रांबद्दल तो काही बोलत नसे.

माझी पहिली चूक अशी झाली की मी म्हणाले, "काका, या सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका खूश झाले. "अगं, चेहरा बघायचाच नसतो. चेहरा देव देतो. त्यात काय कळणार? त्या काळच्या चित्रांत सगळ्यांच्या भुवया जुळलेल्या, सगळ्यांचे डोळे टपोरे. बाप कोण, मुलगा कोण, कळतं का? नाही कळत. आता कमरेकडे बघ. पट्ट्यात कलमदान खोचलंय, म्हणजे लिहिणारा, दिवाणातला. जडावाचा खंजीर म्हणजे शहजादा. अंगात कोयऱ्यांच्या शालीचा पायघोळ झगा, म्हणजे वजीर. टोपीला शाल गुंडाळली म्हणजे दरबारात हजेरीला आलाय. आणि बाजूबंद फक्त राजघराण्याला. हे एकदा कळलं की पूर्ण दरबार वर्तमानपत्रासारखा वाचता येतो."

त्यांची कामाची पद्धतही या सिद्धांताला धरून होती. आधी पोशाख. त्याला दोन-दोन महिने लागत. कापडाची वीण, पट्ट्याचे खडे, टोपीच्या लोकरीचा एकेक वळसा. चेहरा सगळ्यात शेवटी, अर्ध्या तासात. त्यासाठी त्यांच्याकडे एक खाका होता, म्हणजे चेहऱ्याच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडलेला कागद. तो कॅनव्हासवर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली ठिपक्याठिपक्यांनी जुळलेल्या भुवयांचा तोच तो चेहरा उमटे. पुरुषाला दाढी लावायची. एवढाच काय तो फरक. कोणी म्हणालं, हा माझ्यासारखा दिसत नाही, तर काका म्हणत, "तुमच्यासारखा तुमच्या आरशात आहे की. इथे हुद्दा बघा."

हुद्दा ठरवण्यासाठी मुलाखत असे. माझी झाली ती अशी.

"तू खोलीत शिरलीस की उभं कोण राहतं?"

"कोणीच नाही."

"तुझ्या मीटिंगची वेळ कोण बदलू शकतं?"

"कोणीही."

"आल्झो, तर मग," काका म्हणाले, "तुझं चित्र अजून काढण्यासारखं नाही. दोन वर्षं थांब."

मला राग आला होता, हे मी लपवणार नाही. जिना चढताना मी शेजारच्या आजोबांच्या चित्राकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांच्या हातात रत्नजडित गदा होती. पुढे एकदा कुंपणाच्या उंचीवरून त्यांनी अख्ख्या गल्लीला धारेवर धरलेलं पाहिलं, तेव्हा गदा पटली.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका बड्या साहेबांच्या बाबतीत मात्र प्रकरण जरा चिघळलं. पन्नाशीनिमित्त त्यांनी चित्र मागितलं. मुलाखतीत हाताखाली किती माणसं, कोणत्या देशांत टीम, सगळं भरभरून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ई-मेल पाठवता तेव्हा सीसीत कोण असतं?" साहेब म्हणाले, "बॉस. ऑल्वेज. ट्रान्स्परन्सी पाहिजे ना." चित्र झालं. उंच काळी टोपी, भरजरी झगा, पट्टा, सगळं झोकात. फक्त दोन्ही हात लांब बाह्यांच्या आत गुडूप. साहेबांच्या बायकोला चित्र फार आवडलं. वाढदिवसाला केक कापण्याआधी काकांनी जमलेल्या मंडळींना अर्थ समजावून सांगितला. वरिष्ठांपुढे उभ्या असलेल्या माणसाने हात झाकून घ्यायचे, अशी तिथली रीत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हातही दाखवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर ठेवला होता. निदान बाजूबंद तरी घाला म्हणाल्या.

"बाजूबंद राजघराण्याला असतात, वहिनी."

"मग हात तरी बाहेर काढा हो!"

"हो, हो, काढतो की. त्यांनी आधी सीसी बंद करावं."

ते चित्र साहेबांच्या हॉलमध्ये लागलं ते लागलंच. जर्मन पाहुण्यांना ते सांगतात, चित्र हिवाळ्यातलं आहे.

हे वाचन दर वेळी खरं ठरे असं मात्र नाही. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा टरमीन होता, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतली ठरलेली भेट. काका आपणहून सोबत आले. कॉरिडॉरमध्ये बसून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांची पारख केली आणि एका उंच, करड्या सूटमधल्या, गळ्यात किल्ल्यांची दोरी घातलेल्या बाईंकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ही वजीर. हिच्याशी बोल, बाकीचे हुजरे." मी धीर करून त्यांच्यापुढे गेले आणि सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतली आणि म्हणाल्या, मी इथे नवीन आहे, शिकाऊ आहे, माझा पहिलाच आठवडा. माझं काम शेवटी ज्याने केलं त्याच्या स्वेटरच्या कोपराला भोक होतं आणि पायात सँडल होते.

परतीच्या बसमध्ये काकांनी टायची गाठ सैल केली. स्टेशन आलं तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण हा देश मला अजून वाचता येत नाही." त्यांना असं खचलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि वाटलं, हा माणूस दोनशे वर्षांपूर्वीच्या तेहरानात जास्त सुखी झाला असता.

काकूंबद्दल मी अजून काहीच सांगितलं नाही, आणि त्या घरी येणाऱ्या बहुतेकांचं असंच होई. काकू थालीपीठ फार सुरेख लावत, तिखट बोलत आणि लवकर हसत. त्या सतत कुठून तरी कुठे तरी निघालेल्या असत, स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून केलरमध्ये, म्हणजे तळघरात. त्यांच्याकडे एक शाल होती. तेहरानला गेल्यावर काकांनी पहिल्या पगारातून घेतलेली, किरमानची, गर्द तांबड्या रंगावर दाट कोयऱ्या. नव्या नवरीसाठी आणलेली. दोन हिवाळे त्यांनी ती पांघरली. मग काकांनी पहिला वजीर रंगवायला घेतला आणि त्याच्या झग्यासाठी ती शाल खुर्चीवर टाकली. तिथून ती मॉडेल झाली. मॉडेलला घडी चालत नाही, वळण बदलतं. ऊन चालत नाही, रंग उतरतो. पांघरणं तर बोलायलाच नको. चित्र चालू नसे तेव्हा ती काकांच्या कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेली असे.

एकदा मंडळात नवीन आलेलं एक जोडपं जेवायला होतं. ती मुलगी भिंतीभर हिंडून चित्रं पाहत होती. तिने सहज विचारलं, "काकू, यात तुम्ही कुठे आहात?"

काकूंच्या हातात पोळ्यांचा डबा होता. त्यांनी हनुवटीने एका वजिराकडे खूण केली. "ती शाल दिसते ना? ती मी."

सगळे हसले. मग त्यांनी दुसरा वजीर दाखवला, तिसरा दाखवला. "ती पण मी. ती पण." हसणं हळूहळू ओसरलं. काका पाहुण्याला टोपीवरची लोकर कशी रंगवायची ते सांगत होते.

त्या रात्रीचं मी पुढे विसरूनही गेले असते. पण काही दिवसांनी काका एक वजीर रंगवायला घेणार होते. फर्ममधले त्यांचे जुने साहेब ऐंशी वर्षांचे होणार होते आणि काकांच्या मते सबंध जर्मनीत शालीच्या झग्याला लायक असा तो एकच माणूस उरला होता. शनिवारी दुपारी मी खाली डाळीचं पीठ मागायला गेले. खिडकीजवळ कॅनव्हास लावलेला, रंग काढलेले, काका हातात ब्रश घेऊन उभे. आणि मॉडेलच्या खुर्चीत काकू बसलेल्या. अंगाभोवती शाल लपेटून.

"अगं, ऊठ. उजेड जाईल."

"रंगवा की. शाल तुमच्यासमोर आहे."

"पण आत तू आहेस."

"हो," काकू म्हणाल्या. "आहे."

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मोज्यांकडे पाहिलं. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला. त्या दरबारात घरंदाज बाईचं चित्र काढत नसत. चित्रांत ज्या बायका दिसतात त्या नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या. राणीचं तोंड चित्रकाराच्या दृष्टीला पडायचं नाही, तोच तिचा दर्जा. "तुझं चित्र मी काढलं नाही, हा तुझा मान आहे," काका म्हणाले. आणि मला वाटतं, ते हे मनापासून म्हणत होते.

"हा मान मला इतकी वर्षं पुरला," काकू म्हणाल्या. "आता चित्र काढा. अहो, जो आला त्याला माझी शाल दिलीत. त्या सीसीवाल्याच्या टोपीला गुंडाळायला निघाला होतात. मला या घरात भिंतीवर जागा पाहिजे. आणि माझ्या तोंडासकट पाहिजे."

त्या उठल्या नाहीत. वाक्य संपल्यावर हातही हलवला नाही. काकांनी बराच वेळ वाट पाहिली, एकदा घड्याळ पाहिलं आणि शेवटी शाल रंगवायला सुरुवात केली. मी पीठ न घेताच वर गेले.

पुढचे दोन महिने त्या घराची घडी बदलली. रोज दुपारी उजेड असेपर्यंत काकू खुर्चीत. फोन वाजला तर काका उचलत. कुकरची शिट्टी झाली तर ब्रश ठेवून काका पळत. चहाही तेच करून आणत आणि काकू बसल्या जागी घेत. साहेबांना ऐंशीव्या वाढदिवशी वाइनची बाटली गेली. काकूंचा चेहरा दिवसेंदिवस निवांत होत होता. काका मात्र कावलेले दिसत. जिन्यात भेटले की कोयरीच्या देठाबद्दल बोलत आणि मध्येच थांबत. शाल पूर्ण झाली, आणि अशी उतरली की इतर सगळ्या वजिरांचे झगे तिच्यापुढे बोहारणीकडचे वाटावेत. राहिला चेहरा.

चेहऱ्याच्या दिवशी, रविवारी सकाळी, काकूंनी मला वरून बोलावून घेतलं. "तू इथे बस. नाहीतर हे उठून जातील."

काकांनी सवयीने खाका काढला आणि कॅनव्हासवर धरला.

"तो कागद बाजूला ठेवा," काकू म्हणाल्या.

"अगं, त्याच्याशिवाय…"

"माझ्याकडे बघून काढा."

इतक्या वर्षांत काकांनी बघून एकही चेहरा काढलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्याही आलं असावं. त्यांनी कपाळ काढलं, पुसलं. नाक काढलं, ते दरबारी झालं, पुसलं. बाहेर चर्चच्या घंटा झाल्या, रविवारची गल्ली शांत होती. ते डोळे बारीक करून काकूंकडे बघत, मग कॅनव्हासकडे, आणि हात आपोआप ठरलेल्या वळणाने जाई. भुवया तर दर वेळी मधोमध जुळत.

"जुळत नाहीत माझ्या," काकू म्हणाल्या.

काकांनी फडक्याने मधला भाग पुसला. जवळ गेले. चष्मा कपाळावर सारला आणि काकूंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं. डाव्या भुवईत एक खाच होती. तिरपी, पांढरी, करंगळीच्या नखाएवढी. मी त्या घरात पहिल्यांदा जेवले त्या दिवशीच ती मला दिसली होती.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"टाके."

"कधी पडले?"

"तेहरानला. जिन्यावरून पडले होते. तुम्ही तेव्हा इस्फहानला गेला होतात, राजवाड्यातल्या भिंतींवरची चित्रं बघायला. शेजारच्या खानमबाईंनी दवाखान्यात नेलं मला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय? तुम्ही परत आलात तेव्हा डोक्याला ही एवढी पट्टी होती. तुम्ही समोर बसलात आणि रात्रभर मला त्या भिंतीवरच्या माणसांच्या पगड्यांचे रंग सांगितलेत. मी ऐकत होते."

काका तसेच वाकून उभे होते. ब्रशमधला रंग लादीवर ठिपकला, त्यांना कळलं नाही. मला उठून जावंसं वाटत होतं आणि काकूंनी बसायला सांगितलं होतं. मग काकांचा चेहरा एकदम उजळला, वर्गात उत्तर आल्यावर होतो तसा.

"आठवलं!" ते म्हणाले. "मी परत आलो त्या दिवशी तू फिकट निळी वायलची साडी नेसली होतीस. पांढरी बुट्टी. पदराला पिन नव्हती, खोचलेला होता."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा उठतील. त्यांनी शाल खांद्यावर नीट केली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता जरा वर बघा."